१८१ सेंटिमीटर, आठ तासांची विंडो: ११२ दिवसांच्या नोंदी

४ जानेवारी (दिवस ०)

वय ३८. वजन ९१ किलो. कंबर बेंबीच्या रेषेत ९७ सेंटिमीटर.

उंची मी आजवर सगळीकडे १७८ लिहीत आले. आज भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि डोक्यावर आडवं पुस्तक धरून धाकट्या बहिणीला खूण करायला लावली. त्यासाठी तिला स्टुलावर चढावं लागलं. १८१ निघाली. म्हणजे वीस वर्षं चुकीचा आकडा.

वजन वाढल्याचं मला उशिरा कळलं, त्याला कपडे कारणीभूत. उंच बाईला पँट लांबी बघून घ्यावी लागते, आणि लांबीला पुरणारी पँट कमरेला ढगळच असते. त्या ढगळपणात मी पाच-सहा वर्षं निवांत वाढत गेले. लोकही म्हणायचे, "तू उंच आहेस, तुझ्यावर दिसत नाही." दिसत नव्हतं हे खरं, पण जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते.

वजन उतरवायची योजना बहिणीचीच उचलली आहे: १६ तास उपाशी, ८ तासांत खाणं (खाण्याची ही वेळ म्हणजे 'विंडो'), दिवसाला १२०० कॅलरी. ती १५४ सेंटिमीटर उंच. तीन महिन्यांत ६४ वरून ५९ वर आली. तिनेच माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि तिची प्रोफाइल कॉपी करून वय आणि वजन बदललं. मी लक्ष्य टाकलं ६८ किलो (बाविसाव्या वर्षी तेवढी होते) आणि वेग ठेवला आठवड्याला एक किलो.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आले. साखर आणि थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ११.२, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि खाण्याच्या आजारातून गेलेले यांनी हे आपल्या मनाने सुरू करू नये, असं त्यांनी आपणहून सांगितलं. यांपैकी माझ्या बाबतीत काही नाही.

७ जानेवारी (दिवस ३)

विंडो दुपारी १२ ते रात्री ८. भुकेचा त्रास वाटला होता त्याहून कमी, डोकेदुखीचा मात्र फार. दुसऱ्या दिवशी दुपारपासून कपाळ ठणकत होतं. उपाशी राहिल्यामुळे असेल म्हणून सहन करत बसले.

कारण वेगळंच होतं. दुधाची कॉफी बंद म्हणताना मी कॉफीच बंद केली होती. रोजच्या तीन कपांवरून एकदम शून्य. आज सकाळी बिनदुधाची, बिनसाखरेची एक कप घेतली आणि तासाभरात डोकं उतरलं. दोन दिवस फुकट गेले. ज्यांना कॉफीची सवय आहे त्यांनी उपवास आणि कॉफी सोडणं हे दोन्ही एकाच आठवड्यात करू नये.

१२ जानेवारी (दिवस ८)

८८.९! आठवड्यात दोन किलो शंभर ग्रॅम. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, बहिणीला काट्याचा फोटो पाठवला.

(नंतरची भर: हे सांगायला नको होतं. कमी खाल्लं की शरीर आधी स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. या दोन किलोंत बहुतेक भाग पाण्याचाच होता. आठवडा दुसरा उजाडला आणि काटा जागचा हलेना, तेव्हा विचारणाऱ्यांना तोंड द्यावं लागलं.)

१५ जानेवारी (दिवस ११)

सकाळी अलार्म बंद करायला पटकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरली म्हणून वाचले. उंच माणूस पडला की बराच वेळ पडत राहतो, त्यामुळे आमच्यासाठी ही गंमत नाही.

दुपारी रक्तदाब मोजून घेतला. बसून ठीक आला, उभं राहिल्यावर थोडा खाली गेला. विचार केला तर कारणं समोरच होती. सकाळभर पाणी पीत नव्हते (भूक लागू नये म्हणून डोकं कामात घातलेलं). शिवाय 'आरोग्यदायी' खायचं म्हणून जेवणातलं मीठही जवळजवळ काढून टाकलं होतं. उपास सुरू झाला की पहिल्या दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही जास्त जातात, आणि मी दोन्ही बाजूंनी हात आखडता घेतला होता.

दुरुस्ती: उठल्याबरोबर मोठा पेला पाणी, दुपारपर्यंत आणखी दोन. जेवणात मीठ पहिल्यासारखं (माझा रक्तदाब वाढलेला नाही म्हणून हे चाललं, ज्यांचा असेल त्यांनी आधी विचारून घ्यावं). पलंगाच्या कडेवर अर्धा मिनिट बसून मग उभं राहायचं. चार दिवसांत अंधारी बंद झाली.

१९ जानेवारी (दिवस १५)

लोहाच्या गोळीची गडबड. उपाशीपोटी घ्या असं सांगितलेलं, म्हणून मी सकाळी घेत होते आणि वरून काळी कॉफी. कॉफीने लोह नीट शोषलं जात नाही, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. वर मळमळ होत होती ती वेगळीच. आता दुपारी चारच्या सुमारास एका आंबट फळाबरोबर घेते. मळमळ गेली.

२३ जानेवारी (दिवस १९)

आठवडाभर जे चाललंय ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

दिवसभर शहाण्यासारखी राहते. साडेसात वाजले की घड्याळाकडे लक्ष जातं. पावणेआठला स्वयंपाकघरात शिरते आणि आठ वाजायच्या आत जे हाताला लागेल ते तोंडात कोंबते: सुकामेवा मुठी-मुठीने, बिस्किटं, डब्याच्या तळाशी राहिलेलं काहीही. दुकान बंद व्हायच्या आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. मोजून ठेवलेल्या १२०० वर पाचशे-सहाशे कॅलरी त्या पंधरा मिनिटांत चढतात. ॲपमध्ये मी त्या लिहीत नाही.

आणि तरीही रात्री तीनला भुकेने जाग येते. पोटात कावळे नाहीत, अख्खा थवा.

बहिणीला विचारलं, तुला असं व्हायचं का. ती म्हणाली, "नाही गं ताई, मला तर बाराशे संपत नसत." तेव्हा मला वाटलं माझ्यातच इच्छाशक्ती कमी. सहा दिवस त्याच समजात घालवले.

२९ जानेवारी (दिवस २५)

वजन ८८.१. सतरा दिवसांत आठशे ग्रॅम.

आज ॲपमध्ये वार्षिक वर्गणी रद्द करायचं बटण शोधताना प्रोफाइलचं पान उघडलं. उंची: १५४.

बहिणीने वय बदललं, वजन बदललं, उंची तिचीच राहिली. पंचवीस दिवस मी तिच्या उंचीवर जगत होते.

मग कागद घेऊन बसले. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती कॅलरी वापरतं याचा मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचा १९९० सालचा सूत्रबद्ध अंदाज आहे. बायकांसाठी तो असा: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१.

माझा: ९१० + ११३१ − १९० − १६१ = १६९०.
बहिणीचा, ती ६४ किलो आणि ३५ वर्षांची असताना: ६४० + ९६२ − १७५ − १६१ = १२६६.

म्हणजे नुसतं पडून राहण्यासाठी मला तिच्याहून सव्वाचारशे कॅलरी जास्त लागतात. तिच्यासाठी बाराशे म्हणजे विश्रांतीच्या गरजेच्या जरासं खाली. माझ्यासाठी तेच बाराशे जवळजवळ पाचशेने खाली, आणि चालणं-फिरणं अजून मोजलेलंच नाही. थोडीफार हालचाल असेल तर १.३७५ ने गुणतात; माझा दिवसाचा खर्च २३२० च्या आसपास जातो.

एकट्या उंचीच्या रकान्याने ॲपचा विश्रांतीचा अंदाज रोज १६९ कॅलरींनी खाली आणला होता. पण खरा घोळ वेगाचा. आठवड्याला एक किलो म्हणजे रोज सुमारे अकराशे कॅलरी कमी खायचं. तेवढं वजा केल्यावर ॲपचा आकडा हजाराच्याही खाली जात होता, म्हणून ते आपल्या किमान मर्यादेवर, बाराशेवर, थांबलं. मला वाटत होतं बाराशे हा हिशेब आहे. तो तळ होता.

लक्ष्याचंही तेच. ६८ किलो म्हणजे या उंचीला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २०.८. चुकीचं नाही, पण बाविसाव्या वर्षीचा आकडा अडतिसाव्या वर्षी कशाला? २५ ची रेषा, जिच्या वर वजन जास्त धरतात, १८१ सेंटिमीटरला सुमारे ८२ किलोवर येते. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले गणितज्ञ निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये म्हटलं होतं की उंचीचा वर्ग घेणारं नेहमीचं सूत्र उंच माणसांना आहेत त्याहून जाड दाखवतं, आणि त्याऐवजी १.३ गुणिले वजन भागिले उंचीचा २.५ वा घात असं सूत्र सुचवलं होतं. त्याने माझा सुरुवातीचा २७.८ हा आकडा २६.८ होतो. डॉक्टर अजून जुनंच सूत्र वापरतात, त्यामुळे मी त्याच्या नादाला फार लागले नाही. कंबर मोजणं सोपं: उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझं निम्मं ९०.५.

नवं लक्ष्य: कंबर ९० च्या आसपास, वजन ८२. घाई नाही.

१ फेब्रुवारी (दिवस २८)

नवा आराखडा. १८५० कॅलरी. प्रथिनं ११० ग्रॅम (लक्ष्याच्या वजनाला किलोमागे १.३ ते १.४). हा दुसरा आकडा वाटतो त्याहून अवघड आहे. दोन जेवणांत ११० ग्रॅम बसवायला गेले तर पोट तट्ट फुगतं आणि भाजीला जागा उरत नाही. तीन खाणी केली, प्रत्येकी ३५ ग्रॅमच्या आसपास, तेव्हा जमलं. अंडी, दही, कडधान्यं, डाळी. कुठलाही भारी पदार्थ नाही. प्रोटीन पावडरचा डबा आणला होता, त्याची चव मला दुसऱ्या दिवशीच नकोशी झाली. डबा अजून फळीवर आहे.

विंडो सकाळी ९ ते ५ करून बघायची आहे. लवकर खाणं बरं असं सगळे म्हणतात.

१० फेब्रुवारी (दिवस ३७)

९ ते ५ फसलं. रात्री घरातले सगळे जेवायला बसतात आणि मी पाण्याचा पेला घेऊन समोर. तीन दिवस चाललं, चौथ्या दिवशी चिडचिड, पाचव्या दिवशी येरे माझ्या मागल्या, रात्री साडेनऊला उभ्याने खाल्लं. नऊ दिवस गेले.

त्याहून महत्त्वाचं: पाळी ७ तारखेला यायची होती, आलेली नाही. माझी २८ दिवसांची घड्याळासारखी असते. घरी चाचणी केली, निगेटिव्ह. डॉक्टरांना वही दाखवली. जानेवारीची पानं उलटत त्या म्हणाल्या, "खर्चाच्या मानानं आत काहीच जात नव्हतं, शरीर आधी हेच बंद करतं." दोन आठवडे वजन कमी करणं थांबवायचं, १२ तासांच्या वर उपास नको, पुरेसं खायचं. त्यानंतरही पाळी आली नाही तर तपासण्या.

मनातून वाईट वाटलं. महिना गेला आणि परत आरंभरेषेवर.

१६ फेब्रुवारी (दिवस ४३)

पाळी आली. नऊ दिवस उशीर. वजन ८८.४.

आधीच्या आठवड्यात काटा ८९.६ पर्यंत गेला होता आणि मी घाबरले होते. आज सकाळी एकदम खाली. पाळीआधी अंगात पाणी धरून राहतं हे माहीत होतं, पण सव्वा किलोपर्यंत? आता रोज मोजते, पण तुलना फक्त मागच्या महिन्यात पाळीच्या त्याच दिवशी असलेल्या वजनाशी. त्याशिवाय सात दिवसांची सरासरी. एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवायचं नाही.

काट्याविषयी आणखी एक. तो मी पायपुसण्याच्या कडेवर ठेवत होते. आज कडक फरशीवर ठेवला तर सलग तीनदा एकच आकडा. आधी दरवेळी चारशे-पाचशे ग्रॅमचा फरक पडायचा आणि मी त्याचा दोष रात्रीच्या जेवणाला द्यायचे.

१ मार्च (दिवस ५६)

सरासरी ८७.७. विंडो सकाळी १० ते रात्री ८, म्हणजे १४ तास उपास. १८५० कॅलरी. पावणेआठची लूट बंद. इच्छाशक्ती वाढली वगैरे काही नाही, साडेसहाला पोटभर जेवण असतं म्हणून बंद झाली. झोप सकाळपर्यंत सलग.

बद्धकोष्ठ आठवडाभर होतं, ते भाज्या आणि पाणी वाढवल्यावर गेलं. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

१५ मार्च (दिवस ७०)

सोळाऐवजी चौदा तास म्हणजे आपण पळवाट काढली असं वाटत राहायचं. म्हणून दोन अभ्यास वाचले. एक २०२० चा: ११६ माणसं, १२ आठवडे, दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं पण किती खायचं यावर बंधन नाही. घट सरासरी एका किलोच्या आत, आणि नेहमीसारखं तीन वेळा खाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वेगळी नाही. दुसरा २०२२ चा, चीनमधला: १३९ जण, वर्षभर, सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केलेल्या; निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ ची विंडोही पाळायची होती. त्यांचे ८ किलो उतरले, बाकीच्यांचे ६.३, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो असंच गणित सांगत होतं.

मग विंडो ठेवायची कशाला? मला ती एकाच गोष्टीसाठी उपयोगी पडते: रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद. माझं नको ते खाणं सगळं तेव्हाचंच होतं. ज्यांचं दुपारी चारचं असेल त्यांना विंडोचा काडीचा उपयोग नाही.

पहिल्या अभ्यासात उपास करणाऱ्यांच्या घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा बराच होता. ते वाचून आठवड्यातून तीनदा वजनं उचलायला लागले. व्हिडिओत बघून स्क्वॉट्स केले तर कंबर दुखली. लांब मांडीचं माणूस खाली बसताना जास्त पुढे झुकतं. पाय थोडे रुंद ठेवून आणि टाचांखाली पातळ फळी घेऊन जमलं. दहा दिवसांची विश्रांती घ्यावी लागली ते वेगळं.

चार किलो गेले. ऑफिसात एकीने निरखून पाहिलं आणि विचारलं, "केस कापलेस का?"

२९ मार्च (दिवस ८४)

सरासरी ८६.१. पाळी १७ तारखेला, २९ दिवसांनी आली.

केस कापले नव्हते, पण आता गळताहेत. न्हाणीघराच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. डॉक्टर म्हणाल्या, शरीराला मोठा ताण बसला की त्याचा हिशेब केस दोन-तीन महिन्यांनी देतात. मागे मोजलं तर बरोबर जानेवारी येतो. म्हणजे बाराशेच्या दिवसांची ही थकबाकी. हिमोग्लोबिन आता १२.१, लोह चालू ठेवायचं. केस परत येतात, पण वेळ लागतो. केसांसाठी तेल-गोळ्या काही घेतलं नाही.

नवी पँट आणली होती, तीही सैल झाली. लक्ष्याच्या अर्ध्या वाटेवर कपडे घेऊ नयेत. जुन्या पँटी कमरेत आत घालून घेतल्या. लांबीला पुरतात, तेवढं बास.

१२ एप्रिल (दिवस ९८)

तीन दिवस प्रवासात होते. ना विंडो, ना मोजमाप. परत आले तेव्हा काट्यावर एक किलो जास्त. काहीच केलं नाही, नेहमीचं खाणं सुरू केलं. पाच दिवसांनी तो किलो गेला. जानेवारीत असतं तर चोवीस तास उपाशी राहिले असते.

२६ एप्रिल (दिवस ११२)

वजन (सात दिवसांची सरासरी) ८४.८. कंबर ९१. पाळी १५ तारखेला. केसगळती निम्म्यावर. गुडघे जिन्यावर गप्प.

वाया गेलेला वेळ एकत्र मोजला: चुकीच्या उंचीचे २५ दिवस, फसलेल्या विंडोचे ९, डॉक्टरांनी थांबवलेले १४, कंबरदुखीचे १०. म्हणजे ५८. वाया गेलेल्या वस्तू: ॲपची वर्गणी, पावडरचा डबा, एक पँट.

बहीण आज पुन्हा स्टुलावर चढली. माझी उंची १८१ च आहे. तिने खाली उतरून ॲपमध्ये स्वतः आकडा तपासला आणि मग फोन माझ्या हातात दिला. कमरेला उंचीच्या निम्म्यावर यायला अजून अर्धा सेंटिमीटर बाकी आहे. काही बदलत नाही: १० ते ८, आता वजन उतरलंय म्हणून १८०० कॅलरी, तीन दिवस वजनं. पुढचं माप ३१ मे रोजी.